हॉलच्या भिंतीवर कुठली बाग लावायची?

भाचीनं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. सोफ्यासमोरची भिंत अजून कोरी आहे आणि तिला तिथे बागेतल्या बाईचं एखादं जुनं चित्र हवं आहे. "मावशी, एप्रिल-मेमध्ये बाहेर बघवत नाही, निदान भिंतीवर तरी हिरवं दिसू दे," असं तिचं म्हणणं. तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन चित्रं पाठवली. मी त्यात माझी तीन घातली. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे "छान आहेत सगळी" म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. सहाही चित्रांना मी एकच प्रश्न विचारला: ही बाई बागेत काय करते आहे?

तिची पहिली पसंती फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'बागेतल्या स्त्रिया'. १८६६च्या उन्हाळ्यात, पंचविशीत, पॅरिसजवळच्या व्हिल-दाव्रे गावी भाड्याच्या घराच्या बागेत त्यानं हे रंगवायला घेतलं. कॅनव्हास अडीच मीटर उंच, म्हणजे आपल्या फ्लॅटच्या स्लॅबला जवळजवळ टेकेल एवढा. वरचा भाग रंगवताना नजरेची पातळी बदलू नये म्हणून त्यानं जमिनीत चर खणला आणि कप्पी लावून कॅनव्हास खाली-वर केला. त्या हट्टाचं फळ चित्रात दिसतं. सावलीतला पांढरा झगा निळसर होतो आणि वाटेवरच्या उन्हाचा पट्टा झग्याच्या घेरावरून पुढे जातो. आपल्या गावात माणूस कापड बघतच मोठा होतो, त्याची नजर त्या झग्यावरून लवकर हलणार नाही.

बायका मात्र तिथे फारसं काही करत नाहीत. एक फुलं मांडीवर घेऊन बसली आहे, एकीचा अर्धा चेहरा गुच्छाआड आहे, एक पाठमोरी झाडाकडे निघाली आहे. मोनेची प्रेयसी कामीय हीच या बायकांसाठी उभी राहिली होती, म्हणजे वेगवेगळ्या पोशाखांत बहुतेक एकच बाई. १८६७ साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनानं हे चित्र नाकारलं. मित्र फ्रेदेरिक बाझीयनं ते २,५०० फ्रँकना घेतलं, महिना ५० फ्रँकच्या हप्त्यानं. प्रकाशासाठी घ्यायचं असेल तर यासारखं दुसरं नाही. बाईसाठी घ्यायचं असेल तर पुढे वाचा.

तिची दुसरी निवड फ्रागोनारचा 'झोका', १७६७-६८ सालचा, आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. दाट झाडीत गुलाबी झग्यातली तरुणी झोक्यावर आहे, पायातली चपल हवेत उडाली आहे. मागे अंधारात एक वयस्क माणूस दोर ओढतो आहे आणि समोर झुडपात एक तरुण आडवा पडून तिच्या घेराखाली बघतो आहे. रंगकाम अप्रतिम आहे, पानांची हिरवी-निळी धुकट छटा तर कुणालाही भुलवेल. पण आपल्याकडे नागपंचमीला झोका चढतो तेव्हा समोरासमोर उभ्या राहून बायकाच एकमेकींना झोका देतात आणि झुडपात कुणी लपलेलं नसतं. बघणाऱ्याच्या सोयीसाठी मांडलेली ही बाग रोजच्या जेवणाखाण्यासमोर नको, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

याच ओघात तिला आणखी दोन चित्रं दाखवली, भिंतीवर लावायला नव्हे, नजर तयार व्हायला. बायबलच्या एका कथेत सुझाना आपल्या बागेत अंघोळ करत असते आणि दोन म्हातारे पंच तिला चोरून बघतात. तिंतोरेत्तोनं १५५५-५६च्या सुमारास ती रंगवली तेव्हा गुलाबाचं कुंपण, आरसा, मोती, पाणी, सगळं हौसेनं भरलं. म्हातारे कुंपणाच्या दोन टोकांना दडलेले आहेत आणि सुझाना आरशात रमली आहे, तिला पत्ताच नाही. १६१० साली सतरा वर्षांच्या आर्तेमिजिया जेन्तिलेस्कीनं हीच गोष्ट घेतली आणि बागच काढून टाकली. फक्त दगडी बाक, वरून वाकलेले दोघे, आणि तोंड फिरवून हात आडवे धरणारी सुझाना. त्या मुलीला हिरवाई रंगवावीशी वाटली नाही हे मी वर्गात मुलींना दर वर्षी सांगत असे.

भाचीचं तिसरं चित्र राजा रविवर्म्यांची हंस-दमयंती, १८९९. आपल्याकडे याला वेगळी ओळख लागत नाही. दमयंती विदर्भाची, साडी लाल, समोर हंस. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. सोलापूरहून रेल्वेनं मुंबईला जाताना लोणावळ्याआधी ते स्टेशन लागतं. तिथल्या छापील चित्रांनी आपली देवघरं आणि ओसऱ्या भरल्या. ही बाई बागेत ऐकते आहे आणि जे ऐकते ते तिच्या स्वतःच्या निवडीचं आहे. पुढे स्वयंवरात देवांना बाजूला सारून ती नलालाच माळ घालणार असते. मला हे चित्र मनापासून आवडतं. अडचण बाजारातल्या प्रतींची आहे. लाल रंग भडक होतो आणि चेहऱ्याला गुलाबी पावडर फासल्यासारखी दिसते. घ्यायचंच तर बोटं आणि साडीच्या निऱ्या जवळून बघून घ्या. प्रत वाईट असेल तर ती तिथेच कळते.

आता माझी तीन. 'स्वर्गाची छोटी बाग' हे फ्रँकफुर्टच्या श्टेडल संग्रहालयातलं १४१०-२०च्या सुमाराचं चित्र आहे. लाकडी फळी जेमतेम २६ बाय ३३ सेंटिमीटर. भिंतीनं वेढलेल्या अंगणात मरियम पुस्तक वाचते आहे, एक संत स्त्री चेरी तोडते आहे, दुसरी पाणी काढते आहे, आणि गवतात एक इवलासा ड्रॅगन मरून उताणा पडला आहे. प्रत्येक रोप ओळखता येईल इतकं नेमकं. लहान मूल असलेल्या घरात हे आधी घ्यावं. रोज एक नवं पाखरू सापडेल.

दुसरं आपल्या सर्वांत जवळचं आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. विजापूर इथून शंभरेक किलोमीटर. चांदबिबीचं अली आदिलशहाशी लग्न झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. पुढे अज्ञान इब्राहिमच्या नावानं कारभार पाहिला तो तिनंच. तोच मोठा होऊन चित्रांचा आणि संगीताचा वेडा दुसरा इब्राहिम आदिलशहा झाला. त्याच्या दरबारात १६०३-०४च्या सुमारास 'मैना घेतलेली योगिनी' रंगवली गेली. मूळ चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. केस वर बांधलेले, अंगाला राख आणि अंगावर दागिनेही. फुलझाडं जवळजवळ तिच्याएवढी उंच, राजवाडा मात्र मागे दूर, खेळण्याएवढा. ती हातावरच्या मैनेशी बोलते आहे आणि आपण बघतो आहोत याची तिला काही पडलेली नाही. भुईकोटातल्या बागेत मुलांना घेऊन रेखाटनाला बसताना ही योगिनी मला कितीदा आठवली आहे. फक्त एक लक्षात ठेवा: मूळ चित्र हातात धरून बघायचं आहे. ते चार फुटांचं केलंत तर सगळी नजाकत जाईल. पुस्तकाच्या कपाटाशेजारी, बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येईल असं छोटंच लावा.

तिसरं मेरी कसॅटचं, १८८०चं: मार्लीच्या बागेत क्रोशा विणणारी लिडिया. लिडिया ही चित्रकर्तीची बहीण. ती तेव्हा आजारी होती आणि दोन वर्षांनी गेली. निळा अंगरखा, पांढरी टोपी, मागे फुलांच्या ताटव्याची वाट तिरपी निघून गेलेली. चेहरा फिकट, नजर दोऱ्यावर. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेनं १८९७ पर्यंत मुलींना प्रवेश दिला नव्हता आणि चित्रकार पुरुष जमत त्या कॅफेत घरंदाज बाईला एकटीनं बसता येत नसे. म्हणून कसॅट किंवा तिच्याच काळातली चित्रकर्ती बेर्त मोरिझो यांच्यासाठी बाग ही सहलीची जागा नव्हती, ती काम करायची जागा होती. इथे तर दोघीही कामात आहेत, एक विणते आहे आणि दुसरी तिला रंगवते आहे.

व्यवहारातही हेच सोपं पडतं. मूळ आकार साधारण ६६ बाय ९४ सेंटिमीटर, म्हणजे सवादोन बाय तीन फूट, आडवं. सोफ्यासमोरच्या भिंतीवर ते मूळ मापातच बसतं, ताणावं किंवा कापावं लागत नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय त्याची मोठी प्रतिमा विनामूल्य देतं, त्यामुळे छपाईसाठी अंधुक फोटो शोधत बसायला नको.

भाचीचं मन अजून मोनेकडे ओढतं, ते मला समजतं. पण तिच्या सासूबाईंनी लिडिया बघितली तेव्हा चष्मा पुसून त्यांनी पहिला प्रश्न केला, "सुई कुठल्या बोटांत धरलीय हिनं?" दारावरचं क्रोशाचं तोरण त्यांच्याच हातचं आहे. माझं मत हॉलला लिडिया आणि कपाटाशेजारी योगिनी.

काही झालं तरी चकचकीत कागद घेऊ नका. हॉलची खिडकी पश्चिमेला आहे, दुपारी चारनंतर काचेत फक्त खिडकीच दिसेल. मॅट कागद, न चमकणारी काच आणि चित्राभोवती चार बोटं पांढरी जागा सांगा. फ्रेमवाल्याकडे देण्याआधी छापील प्रत दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पास करू नका. ती रस्त्यावर, उन्हात नेऊन बघा. हिरवा तिथे पिवळा पडत असेल तर पुन्हा छापून घ्या.