काठावरच्या बहुमताचे उघडे दप्तर

काठावरच्या बहुमतावर सरकार कसे तगते, हे समजून घेण्यासाठी ब्रिटिश संसदेतील चर्चांच्या अधिकृत नोंदींचे ‘हॅन्सार्ड’ हे विनामूल्य संकेतस्थळ मला कोणत्याही भाष्यापेक्षा उपयोगी वाटले. १९९२ मध्ये २१ जागांच्या आधिक्याने निवडून आलेल्या जॉन मेजर सरकारला स्वपक्षीय बंडखोरांनी युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिक्ट करारावरून जेरीस आणले, २२ जुलै १९९३ रोजी विरोधकांच्या दुरुस्तीवर ३१७ विरुद्ध ३१७ अशी बरोबरी होऊन सभापतींना निर्णायक मत द्यावे लागले (मोजणीत एका मताची चूक होती, हे नंतर उघड झाले!), आणि पाठोपाठ मूळ ठराव सरकारने ३१६ विरुद्ध ३२४ मतांनी गमावला. ही चर्चा येथे भाषणांसह वाचता येते. शोधसुविधा मात्र चिकाटी मागते, आणि प्रतोदांनी पडद्याआड केलेली मनधरणी अर्थातच या नोंदींत उमटत नाही.