बॉनेट कापलं, पण कापलेला तुकडा परत दिला नाही

किट कारच्या, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या गाडीच्या, फायबर बॉनेटला एअर फिल्टरसाठी भोक पाडणं हे छोटं काम वाटतं. म्हणूनच त्यात फसवणं सोपं जातं. ज्या गाडीमुळे हे लिहावंसं वाटलं, ती दोन सीटची, चार सिलिंडरची, डाउनड्राफ्ट, म्हणजे वरून हवा ओढणाऱ्या, कार्बोरेटरची. फिल्टरचं झाकण बॉनेटला टेकत होतं. गॅरेजच्या बिलात पाच कामं लिहिली होती: बॉनेट कटिंग, कडांचं मजबुतीकरण, कार्बन फायबर स्कूप (भोकावर बसवायचं, वारा पकडणारं टोपण), मोठा फिल्टर आणि डायनो ट्यूनिंग (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर इंजिन जुळवणं). प्रत्यक्षात बिलाप्रमाणे झालेलं काम बॉनेट कापण्याचं तेवढंच, आणि तेही चुकीचं. महिन्याभरात भोकाच्या कोपऱ्यांपासून रंगात चिरा पळाल्या, तेव्हा मालकाने स्कूप काढायला लावला.

खालचं भोक बघून सगळा प्रकार कळला. एका बाजूने नीट गोलाई होती आणि दुसऱ्या बाजूने ग्राइंडरच्या चकतीने सरळ कापत नेलं होतं. म्हणजे आधी मोजमाप चुकलं, फिल्टर कडेला घासला, मग भोक एकीकडे वाढवलं आणि ते वेडंवाकडं दिसू नये म्हणून मोठा स्कूप चिकटवला. हा स्कूप ग्राहकाने मागितलेलाच नव्हता. 'याने पॉवर वाढते' असं सांगून तो गळ्यात मारला.

आधी या पॉवरचा हिशोब बघा. ताशी १०० किमी वेगाला वाऱ्याचा दाब सुमारे ४६० पास्कल भरतो. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल, म्हणजे वाढ अर्धा टक्कासुद्धा नाही. ताशी १६० ला ती जेमतेम सव्वा टक्क्याजवळ जाते, तीही स्कूपने सगळा दाब पकडला असं धरून. शंभर हॉर्सपॉवरच्या इंजिनाला स्कूपच्या वाऱ्याने पंधरा-वीस हॉर्सपॉवर मिळतील असं कोणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

खरा फायदा होतो तो थंड हवेचा. बॉनेटखाली ६० अंश आणि बाहेर ३० अंश असेल, तर बाहेरच्या हवेची घनता जवळपास १० टक्के जास्त असते. ताकद तेवढी वाढत नाही, पण फरक जाणवतो. मात्र त्यासाठी फिल्टरभोवती पत्र्याचा किंवा फायबरचा ट्रे हवा आणि ट्रेच्या काठावर बॉनेटला दाबून बसणारी फोमची पट्टी हवी. या गाडीत दोन्ही नव्हतं. रेडिएटरमधून आलेली गरम हवा बॉनेटखाली कोंडते आणि वाट मिळाली की भोकातून वर निघते. मग फिल्टर बाहेरच्या हवेत दिसत असला, तरी ओढतो ती गरमच हवा. ट्रे बसवून घेतलात तर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरची (आत पेट्रोल साठतं त्या कप्प्याची) हवानळी ट्रेच्या आत उघडते ना, तेही बघा. ती बाहेर राहिली आणि आतला दाब वेगळा पडला, तर पेट्रोलचं प्रमाण बिघडतं.

आता मोजमाप, कारण पुढची सगळी लबाडी इथल्या आळसातून येते. बॉनेट काढून बाजूला ठेवायचं, बंद इंजिनावर टेप धरायची आणि तेवढंच भोक पाडायचं, ही पद्धत चुकीची. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबला की ते एका बाजूला झुकतं आणि त्याच्यासोबत फिल्टरही. म्हणून चारी बाजूंनी २० ते २५ मिमी मोकळी जागा लागते. बॉनेट पुढच्या बिजागरीवर उघडत असेल तर आणखी एक गोष्ट: बिजागरी सहसा बॉनेटच्या पृष्ठभागापेक्षा खाली असते, त्यामुळे उघडताना बॉनेट वर जातं तसं थोडं पुढेही सरकतं आणि भोकाची काचेकडची कड फिल्टरवर येते. म्हणून त्या बाजूला भोक लांबट ठेवावं लागतं. किती, हे पुठ्ठ्याचा नमुना बॉनेटवर चिकटवून, बॉनेट हळूहळू वर-खाली करून ठरतं. फिल्टरच्या झाकणावर मातीच्या, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीच्या, छोट्या शंकूसारख्या टेकड्या ठेवायच्या, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद घालायचा आणि बॉनेट लावून उघडायचं. चेपल्यावर उरलेली मातीची जाडी म्हणजेच तिथली मोकळी जागा. ही तपासणी तुमच्या डोळ्यांदेखत झाल्याशिवाय हत्यार चालवू देऊ नका.

भोक लागतंच का, हेही कोणी तपासलं नव्हतं. फिल्टरची तळपट्टी खोलगट घेतली की बऱ्याच गाड्यांमध्ये २५ मिमीच्या आसपास उंची वाचते. प्रामाणिक मिस्त्री हा पर्याय आधी सांगतो. कार्बोरेटरच्या तोंडाजवळ झाकण फार खाली आणणं मात्र चांगलं नाही, हवा कोंडते. 'मोठा फिल्टर' म्हणून या गाडीत जो बसवला होता तो नेमका तसाच, रुंद पण बुटका.

कापायची पद्धत अशी. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, त्यावर आखणी. कोपऱ्यांत आधी १० ते १२ मिमीची गोल छिद्रं, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि चीर तिथूनच सुटते. मग जिगसॉला कार्बाइडच्या दाण्यांचं पातं लावून रेषेच्या ५ मिमी आतून कापायचं आणि उरलेलं ८० नंबरच्या पेपरने घासत रेषेपर्यंत आणायचं. साध्या पात्याचे दात वर ओढतात आणि वरच्या जेलकोटचे (फायबरवरच्या गुळगुळीत थराचे) टवके उडवतात. बॉनेट थरथरू नये म्हणून खाली प्लायवूडचा आधार. फायबरची धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा पी३ दर्जाचा मास्क हवाच. ग्राइंडरने कोपरा कापला की गोल चकती आखणीच्या पुढे जाते आणि तिथे बारीक फट राहते. या बॉनेटवर चिरा नेमक्या त्याच फटींतून निघाल्या होत्या.

बिलातली सर्वांत मोठी रक्कम 'मजबुतीकरणा'ची होती. भोक पाडल्यावर बॉनेट त्या भागात ढिलं पडतं, म्हणून आतून नवं फायबर चढवतात. त्यासाठी आतली बाजू ४० ते ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करून ॲसिटोनने पुसायची. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर, पहिला कडेपासून ५० मिमी, दुसरा ७५ मिमीपर्यंत. पॉलिएस्टर रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट, हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के. रोलरने बुडबुडे काढायचे. शेवटी कापलेल्या कडेवर रेझिनचा हात द्यायचा, नाहीतर उघड्या तंतूंवाटे पाणी आत झिरपतं आणि थर सुटतात. या गाडीत मॅटचा तुकडाही नव्हता. कडेला लांबी (रंगाआधी भरायची पुट्टी) थापून वर काळा रंग मारला होता. लांबी ताण सोसत नाही. बॉनेट हललं की ती तडकते आणि पापुद्र्याने निघते.

हे ओळखणं अवघड नाही. आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, सुरीच्या टोकाने खरवडून बघा. लांबी असेल तर गुळगुळीत भुकटी पडते, मॅट असेल तर पांढरे तंतू उभे राहतात. नाण्याने ठोकल्यावर चांगला थर टणक वाजतो, सुटलेला किंवा लांबीचा भाग बद्द वाजतो. 'कार्बन फायबर'ची परीक्षा तर त्याहून सोपी: स्कूप उलटा करून आत बघा. इथे आत साधं पांढरं फायबर होतं आणि बाहेर छापील नक्षी. वळणावर ती ताणून फाकली होती.

डायनोच्या कागदावर ताकद वाढलेली दिसत होती. पहिली चाचणी बॉनेट लावून, दुसरी बॉनेट उघडं ठेवून आणि पंखा समोर लावून. शिवाय कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत पहिल्या वेळी एसएई जे१३४९ आणि दुसऱ्या वेळी एसटीडी असं लिहिलं होतं. ही हवामानानुसार आकडा दुरुस्त करण्याच्या दोन पद्धतींची नावं, आणि पद्धत बदलली की इंजिनाला हात न लावता आकडा सुमारे ४ टक्के फुगतो. दोन्ही चाचण्या बॉनेट लावून, आकड्याच्या एकाच दुरुस्तीने, आणि इनटेकचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) तापमान कागदावर छापून घ्या.

आणि तो कापलेला तुकडा. गॅरेजवाल्याने तो फेकून दिला म्हणून सांगितलं. हा तुकडा तुमच्या मालकीचा आहे. ॲडव्हान्स देण्याआधीच तो परत हवा असं कागदावर लिहून घ्या. पुठ्ठ्याच्या नमुन्यावर ठेवला की कापणी बरोबर होती की वाढवलेली, ते लगेच कळतं. कडेवर व्हर्नियर लावला की फायबरची जाडी कळते, साधारण ३ ते ४ मिमी. मध्ये फोम किंवा बाल्सा लाकडाचा थर असेल तर तोही दिसतो, आणि तसा थर असेल तर कडा बंद करणं दुप्पट महत्त्वाचं, कारण लाकूड पाणी पितं. पुढे भोक बुजवायचं ठरलं तर तोच तुकडा, तोच बाक, परत बसवता येतो.

आधीच फसला असाल तर चिरांवर पुन्हा लांबी भरू देऊ नका. स्कूप काढून प्रत्येक कोपऱ्याचा, कडेजवळ मोजपट्टी ठेवून, फोटो घ्या, मगच घासकाम सुरू करा. एकदा पेपर फिरला की पुरावा गेला. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं छिद्र पाडून तिची वाट अडवा. लांबी सगळी खरवडून काढा आणि आतून वर सांगितल्याप्रमाणे मॅट चढवा. भोक बुजवायचं असेल तर कड उतरती घासा, जाडीच्या बारा पट. ४ मिमी फायबरला तो उतार ४८ मिमी येतो. एवढी रुंदी बघून नवखा माणूस दचकतो आणि १० मिमीवर थांबतो, मग जोड पहिल्या उन्हाळ्यातच रंगावर उमटतो.