रक्तातलं मिडाझोलाम मोजायचंय, मग एचपीएलसी की एलसी-एमएस-एमएस?

आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात मिडाझोलाम (गुंगीत ठेवायचं औषध) किती आहे ते मोजायचं असेल तर मशीनचं नंतर बघा, आधी सगळ्यात खालची लेव्हल किती मोजायचीय आणि एका वेळी रक्त किती मिळणारे ते ठरवा.

इम्युनोअसे किट (अँटिबॉडीने औषध ओळखणारी चाचणी) सोपं असतं पण ते बेन्झोडायझेपाइन, म्हणजे मिडाझोलाम ज्यात येतं त्या गटातलं काहीतरी आहे एवढंच सांगतं, नेमकं कुठलं आणि किती ते नाही, आणि पेशंटला त्याच गटातलं लोराझेपामपण दिलेलं असेल तर मग बोलायलाच नको. लेव्हलसाठी हे बाद.

एचपीएलसी-यूव्ही (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करून अतिनील प्रकाशाने मोजणारं मशीन) बहुतेक फार्मसी कॉलेजात असतंच. 1 मिली प्लाझ्मा (रक्तातला पेशी काढलेला द्रव भाग) घेऊन नीट एक्स्ट्रॅक्शन केलं, म्हणजे त्यातून औषध वेगळं काढलं तर साधारण 5-10 नॅनोग्रॅम प्रति मिलीपर्यंत जाता येतं, आणि ड्रिप चालू असताना लेव्हल शंभराच्या आसपास किंवा वरच असते, म्हणजे तेवढ्याला पुरतं. गंमत ड्रिप बंद केल्यावर आहे. 200 वरून पाच हाफ-लाइफमध्ये (एक हाफ-लाइफ म्हणजे लेव्हल निम्मी व्हायला लागणारा वेळ) 6 वर येतं, म्हणजे शेवटचे पॉइंट नेमके यूव्हीच्या काठावर, आणि तिथेच ग्राफची शेपटी ठरते ना.

एलसी-एमएस-एमएस (तसंच वेगळं करून रेणूंच्या वजनावरून मोजणारं मशीन) 1 नॅनोग्रॅमच्याही खाली आरामात जातं, 100-200 मायक्रोलिटर प्लाझ्मात. नवजात बाळांच्या अभ्यासात मला तर दुसरा पर्यायच दिसत नाही, 1 किलोच्या बाळात रक्तच मुळात 80-90 मिली, त्यातून दर वेळी 2 मिली कसं काढणार? किडनी फेल असलेले पेशंट असतील तरी हेच घ्या, कारण तिथे शरीरात मिडाझोलामपासून बनणारं हायड्रॉक्सीमिडाझोलामचं ग्लुकुरोनाइड साठतं आणि त्यालाही गुंगी आणायची ताकद असते, मिडाझोलाम संपत आलं तरी पेशंट उठत नाही, मग नुसतं मूळ औषध मोजून काय कळणार.

पण हे मशीन म्हणजे आकडा दिला की खराच असं नाही हं. प्लाझ्मातले फॉस्फोलिपिड (चरबीसारखे रेणू) सिग्नल दाबतात, म्हणून ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजन घातलेलं) मिडाझोलाम इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मापात मिसळायचा पदार्थ) म्हणून घ्यावंच लागतं, ते महाग, वर एनडीपीएसची (अमली पदार्थ कायद्याची) कागदपत्रं.

जीसी-ईसीडी (वायूच्या प्रवाहात घटक वेगळे करून क्लोरीन-फ्लोरीनसारखे अणू टिपणारं मशीन) जुनं पण वाईट नाही, रेणूत क्लोरीन-फ्लोरीन असल्याने सिग्नल छान येतो, फक्त मेटाबोलाइटसाठी (शरीरात औषधापासून बनणाऱ्या पदार्थांसाठी) डेरिव्हटायझेशनची, म्हणजे आधी रासायनिक बदल करून घ्यायची कटकट.

मोठी माणसं, ड्रिप चालू, किडनी ठीक असेल तर कॉलेजातलं एचपीएलसी वापरा, उगाच पैसे घालू नका. बाकीच्यांनी प्लाझ्मा वेगळा करून उणे 80 ला ठेवा आणि एलसी-एमएस-एमएसवाल्या लॅबला पाठवा, आणि जेलवाल्या ट्यूबमध्ये रक्त घेऊ नका, जेल औषध शोषू शकतं.