वाकडी करंगळी: वाढपट्टी मोकळी करायची की हाड कापायचं?
मुलाची करंगळी अनामिकेकडे झुकलेली असेल, तर एक्स-रेत तिचं मधलं हाड पाहावं. ते त्रिकोणी असेल, तर बहुधा वाढपट्टी (हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर) एका कडेने वळलेली असते आणि ती बाजू खुंटते. तान्ह्या बाळात हा कूर्चेचा भाग एक्स-रेत उमटत नाही, म्हणून निदानाची घाई नको.

फिजिओलिसिसमध्ये, म्हणजे वाढपट्टी मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेत, पट्टीचा मधला अडसर काढून तिथे चरबी भरतात. हाड न कापता बोट वाढीबरोबर हळूहळू सुधारतं. पण वाढीची वर्षं शिल्लक हवीत, आणि पूर्ण सरळ होईलच असं नाही. ऑस्टिओटॉमीत हाड कापून लगेच सरळ करतात, तार घालतात. बोट आखडण्याचा धोका राहतो. लहान वयात मला पहिलीच पटते. झुकाव किरकोळ असेल, तर दोन्ही नकोत. स्प्लिंटने (बोटाला बांधायच्या कडक आधाराने) हाड सरळ होत नाही, कोणी कितीही सांगो.