जुना हागी चावान आणि नो मुखवटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू: हागीचा माच्चाचा (हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा) वाडगा, म्हणजे चावान. शोवा काळाच्या (१९२६-८९) उत्तरार्धातला, लाकडी पेटीसह. तोंडाचा व्यास १४ सेंटीमीटर, उंची साडेआठ, कोरडं वजन ३४२ ग्रॅम. वापर जून ते जानेवारी, मुंबईत, पाऊस सोडून दिवसातून एकदा. सोबत हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाचा एक नो मुखवटा, म्हणजे 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातला, तोही तेवढेच महिने घरात. मत आधीच सांगून टाकतो: वाडगा उत्तम, पण भर पावसाळ्यात रोज वापरण्याचा नाही. मुखवटाही उत्तम, पण पावसाळ्यात तो भिंतीवर असूच नये.

चहावाल्या जपानी मंडळींची वाडग्यांची जुनी क्रमवारी 'पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सु' अशी आहे. हागी हे जपानच्या यामागुची प्रांतातलं गाव. सरदार मोरी तेरुमोतो १६०४ मध्ये तिथे आला आणि जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांनंतर आणलेल्या कोरियन कुंभार भावांनी त्याच्या आश्रयाखाली भट्ट्या लावल्या. दाइदो नावाची पांढरट, रेताड माती हा या भांड्यांचा कणा. तिच्यात मिताके माती आणि मिशिमा बेटावरची लोहयुक्त लाल माती गरजेप्रमाणे मिसळतात. भाजल्यावरही ही माती काचेसारखी घट्ट होत नाही, आत बारीक पोकळ्या राहतात. वरची झिलई मातीपेक्षा जास्त आकसते आणि तिला केसासारख्या रेघांची जाळी पडते. ही जाळी म्हणजे कान्न्यू. चहा तिच्यातून आत झिरपतो आणि वाडग्याचा रंग हळूहळू बदलत जातो. यालाच 'हागीची सात रूपं' म्हणतात.

पहिले काही आठवडे डोळ्यांना काहीच दिसलं नाही. तिसऱ्या महिन्यात तळाच्या खळग्यात, जिथे शेवटचा घोट साठतो, तिथल्या रेघा बदामी झाल्या. आठव्या महिन्यात बाहेरच्या बाजूला दोन फिकट तपकिरी ठिपके उमटले आहेत. अशा डागांना आमामोरी म्हणतात, शब्दशः 'पावसाची गळती'. गळक्या स्लॅबखाली चार पावसाळे काढलेल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

रोजची पद्धत अशी. चहाआधी वाडगा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. पोकळ्यांत आधी स्वच्छ पाणी भरलं की चहा कमी शिरतो आणि डाग एकदम न पडता सावकाश चढतो. मग २ ग्रॅम चाळलेला माच्चा, ७० मिलिलिटर पाणी, साधारण ८० अंशांचं. कोरड्या थंड वाडग्यात उकळतं पाणी ओतू नये. एखादी लपलेली चीर असेल तर ती तिथेच उघडते. चहा झाल्यावर फक्त कोमट पाणी. साबण नको, कारण तो पोकळ्यांत बसतो आणि पुढच्या आठवडाभराच्या चहाला त्याचा वास येतो. मायक्रोवेव्हचं तर नावच नको: मातीत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन वाडगा फुटतो.

नवा हागी झिरपू नये म्हणून तांदळाच्या धुवणात किंवा पातळ पेजेत मंद उकळतात. आपल्याकडे मातीच्या नव्या भांड्यांना पेज पाजतात, तीच युक्ती: स्टार्च पोकळ्या बुजवतो. पण दमट हवेत हा स्टार्च म्हणजे बुरशीला पंगत. मुंबई-कोकणात तरी पेज टाळावी आणि नुसत्या पाण्यात रात्रभर भिजवण्यावर भागवावं. पहिले काही दिवस बुडाखाली ओल येते. वाडगा फडक्यावर ठेवावा.

खरी अडचण वाळवण्याची. वाडगा भिजल्यावर ३६० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे १८ ग्रॅम पाणी मातीच्या आत. हाताला तो दोन तासांत कोरडा लागतो, पण काटा खोटं बोलत नाही. डिसेंबरात ३४२ वर यायला दोन दिवस लागले, जुलैत नऊ. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे या छंदातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी साधन. वाळवताना बूड वर ठेवायचं, कारण कोदाई, म्हणजे खालची कडी, बिनझिलईची असते आणि ओल तिथूनच सुटते. ओला वाडगा पेटीत गेला की आठवड्यात कुबट वास येतो. तसं झालंच तर पातेल्यात थंड पाणी घेऊन वाडगा त्यात बुडवावा, मंद आचेवर वीस मिनिटं तापवावा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा. लाखेची डागडुजी असलेल्या वाडग्यावर हा प्रयोग करायचा नाही, जोड सुटतो.

पेटीतलं पिवळं फडकं हा आणखी एक सापळा. त्याला उकोन म्हणतात आणि उकोन म्हणजे आपली हळद. कीड लागू नये म्हणून कापड हळदीने रंगवायची चाल. किंचित ओल्या वाडग्याभोवती ते गुंडाळलं की झिलईवर पिवळा छाप उठतो. उपाय आपल्याला पाठ आहे: दोन दिवस ऊन.

खरेदीबद्दल. मडकं टिचकी मारून घ्यायची आपली सवय इथे फसवते, कारण मऊ भाजणीचा धडधाकट हागीसुद्धा बद्दच वाजतो. त्यापेक्षा वाडग्यात पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून पाहावं. चीर असेल तिथे ओलीची सरळ रेघ उमटते. लिलावाच्या वर्णनातले शब्द पाठ हवेत. कान्न्यू म्हणजे झिलईची जाळी, तो दोष नाही. न्यू म्हणजे आरपार जाऊ शकणारी चीर. होत्सु म्हणजे काठाचा बारीक टवका. नाओशी म्हणजे दुरुस्ती. कामाकिझु म्हणजे भट्टीतच झालेला दोष, ज्याने किंमत फारशी पडत नाही. सोन्याची रेघ दिसली की लगेच किन्त्सुगी, म्हणजे लाख आणि सोन्याच्या पुडीने केलेली दुरुस्ती, समजू नये. इपॉक्सीवर पितळेची पूड लावलेले जोड सर्रास विकले जातात आणि गरम चहासाठी ते नकोत.

पेटीवर लोक फार विसंबतात. कुंभाराने स्वतः लिहून सही केलेली ती तोमोबाको, नंतर कुणी जुळवून घेतलेली ती आवासेबाको. दुसऱ्या प्रकारात लबाडी नाही, लबाडी आहे ती नामांकित कुंभाराच्या रिकाम्या पेटीत साधा वाडगा बसवण्यात. वाडगा पेटीत किंचित मोकळा, पण न डुगडुगता बसला पाहिजे. झाकणावरचा शिक्का फडक्यावरच्या आणि बुडाजवळच्या शिक्क्याशी ताडून पाहावा. आणि जुनेपणाचा डाग सगळीकडे सारखा असेल, कोदाईच्या आतसुद्धा, तर तो चहात उकळून आणलेला समजा. खऱ्या वापराचा डाग तळाशी आणि ओठ लागतात तिथे गडद असतो, आणि आतल्या भिंतीवर चासेनच्या घासण्याच्या पुसट खुणा असतात. चासेन म्हणजे बांबूची रवीच. तळ खरबरीत असेल तर तिची टोकं तुटून चहात येतात. या वाडग्याने आठ महिन्यांत दोन रव्या खाल्ल्या.

आता मुखवटा. कोओमोते, तरुणीचा. हिनोकीवर गोफुनचे थर, म्हणजे शिंपल्यांची पूड निकावा सरसात कालवून. सरस प्राणिज असल्याने दमटपणात तो मऊ पडतो, त्यावर बुरशी धरते, आणि एसीच्या कोरड्या झोताखाली गोफुनला तडे जातात. जूनअखेर तो उतरवून कापडी पिशवीत, सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवला, ऑक्टोबरात परत टांगला. चेहऱ्याला बोट लावायचं नाही. दोरीच्या भोकांपाशी, कडेने धरायचा. बोटांचा तेलकटपणा गोफुनमधून निघत नाही.

मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बोलते. लाकडात छिन्नीचे घाव, कपाळ आणि हनुवटीपाशी घामाचे काळे डाग दिसले तर तो खरंच रंगमंचावर चढलेला असण्याची शक्यता. बुडबुडे किंवा साच्याची शिवण दिसली तर रेझिन. पुढच्या झिजेवरून मात्र वय ठरवू नये: उत्सुशी, म्हणजे जुन्या मुखवट्याची प्रतिकृती, करताना कारागीर मूळच्या ओरखड्यांसह करतात. टांगताना प्रकाश पाहा. मुखवटा किंचित वर केला तर हसरा, खाली झुकवला तर उदास दिसतो; डोक्यावरच्या एकाच दिव्याखाली कोओमोते कायम रडवेली राहते. समोरून, थोड्या अंतरावरून मऊ उजेड हवा.

पुढची पायरी म्हणून चाइरे, म्हणजे दाट चहाच्या पुडीची छोटी बरणी, मागवणार असाल तर आधी झाकण विचारा. जुनी झाकणं बहुधा हस्तिदंताची असतात, आणि हस्तिदंत भारतात आणणं बेकायदा आहे. झाकण न घेता नुसती बरणी पाठवायला सांगा आणि इथे लाकडाचं करून घ्या.