टर्मिनलवर रकाने जुळवायचे: कॉलम की प्रिंटएफ?

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, मजकूर रकान्यांत मांडायला कॉलम आणि प्रिंटएफ या दोन आज्ञा कामी येतात. आधी एवढंच ठरवा: रकान्याची रुंदी कोण मोजणार? कॉलम ती स्वतः मोजतो, प्रिंटएफला मात्र तुम्ही सांगावी लागते. बाकीचे फरक यातूनच निघतात.

लिनक्सवरची पासवर्डची फाइल घ्या, म्हणजे वापरकर्त्यांच्या खात्यांची यादी, कोलननी तुटलेली. ती कॉलमला ‘-टी’ लावून दिली आणि ‘-एस’पुढे कोलन लिहिला, की सगळ्यात लांब नाव बघून तो रकाने आखतो. तुम्हाला काही मोजावं लागत नाही. कधीतरी एकदा बघायच्या यादीसाठी मी दुसरं काही वापरतच नाही.

पण रुंदी ठरवायला त्याला शेवटची ओळही बघावी लागते. फाइलमध्ये येणाऱ्या नव्या ओळी दाखवत राहणाऱ्या ‘टेल -एफ’मधून वाहता लॉग (नोंदींची फाइल) त्याच्याकडे सोडलात तर पडदा कोराच राहील. आणि मॅकवर काम करत असाल तर रिकाम्या रकान्यांना जपा. तिथला कॉलम लागोपाठचे दोन कोलन एकच धरतो. मधली माहिती नसली की पुढची सगळी डावीकडे सरकते आणि पूर्ण नावाच्या रकान्यात होम डिरेक्टरी (वापरकर्त्याचा स्वतःचा फोल्डर) येऊन बसते. चूक चटकन दिसतही नाही, कारण रकाने छान सरळ असतात!

वाहत्या लॉगसाठी ऑकमधला (ऑक म्हणजे मजकूर ओळीओळीने हाताळणारी छोटी भाषा) प्रिंटएफच हवा. ओळ आली की छापली. रक्कम उजवीकडे टेकवणं, दोनच दशांश दाखवणं, लांब नाव विसाव्या अक्षरावर कापणं, हे सगळं त्याच्या साच्यात लिहिता येतं. कापायला सांगितलं नाही, तर वीसच्या जागेत आलेलं पंचवीस अक्षरी नाव पुढच्या रकान्यांना ढकलतं. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) निघणारा अहवाल असेल तर हा साचा एकदा नीट लिहून ठेवाच. आकार रोज तोच राहतो.

पीआर ही आज्ञा म्हणजे तिसरा पर्याय, छापील पानांसाठीचा. 66 ओळींचं पान, वर तारखेचा मथळा. एक लांब यादी तीन उभ्या रकान्यांत मोडायची असेल तर ठीक, पण मथळा नको असेल तर ‘-टी’ द्या. इथे ‘-टी’चा अर्थ वेगळा आहे.

देवनागरी आली की मात्र गणित फिरतं. ‘पुणे’ला दहाची जागा द्या. बॅशचा (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) प्रिंटएफ अक्षरं नाही, साठवणीचे बाइट मोजतो, ते भरतात 12, म्हणून तो एकही मोकळी जागा सोडत नाही. ऑकची ग्नू आवृत्ती यूटीएफ-8 लोकेलमध्ये (म्हणजे सिस्टिमची भाषा-लिपीची सेटिंग यूटीएफ-8 असताना) उकार आणि मात्रा धरून 4 मोजते, म्हणजे 6 जागा सोडते. पडद्यावर शब्द व्यापतो दोनच घरं. लिनक्सवरचा कॉलम दिसणारी रुंदी मोजतो, त्यामुळे तो बराच जवळ जातो. तरी जोडाक्षरांना किती जागा द्यायची हे शेवटी टर्मिनलच ठरवतं.

म्हणून मराठी नावांचा रकाना मी सगळ्यात शेवटी टाकतो. त्याच्या उजवीकडे काही नसलं की वाकडं होण्यासारखं काही उरत नाही.