कॅनॉलचा रस्ता की कर्लीचा काठ?

ठाण्याच्या भाच्याने दिवाळीत ग्रॅव्हल बाईक घेतली. फोटो पाहून मला आधी ती रेसिंगची सायकलच वाटली, हँडल तसंच खाली वळलेलं. पण टायर 40 मिमीचे आणि अंगकाठी दणकट. डांबर संपलं तरी उतरायची गरज नाही, अशी तिची ख्याती. आता डिसेंबरात दोन दिवस तो आमच्याकडे सिंधुदुर्गात येतोय आणि प्रश्न एकच: "मामा, कालव्याच्या कडेने जाऊ की नदीच्या?" फोनवर उत्तर देता देता जेवण गार झालं, म्हणून लिहून काढलं.

आधी एक गैरसमज. परदेशातल्या व्हिडिओंत नदीच्या काठाने मैलोन्‌मैल सलग वाट दिसते, तशी कोकणात कुठेच नाही. आमच्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि बघता बघता समुद्राला मिळतात. वरच्या अंगाला धोंडे आणि कोंडी, खालच्या अंगाला खाडी. दर दोन-तीन किलोमीटरवर एखादा व्हाळ, म्हणजे ओढा, आडवा येतो. साकव असला तर बरं, नसला तर सायकल खांद्यावर. कालव्याचं उलट आहे. तो माणसाने आखलेला, त्यामुळे वाट सलग; पण कालवेच मोजके. वर्षाला 3000 मिमीच्या पुढे पाऊस आणि जमीन ही अशी चढउताराची, इथे पाट काढायची हौस सरकारलाही उशिराच सुचली.

दक्षिण कोकणात कालव्याचा खरा पर्याय तिलारीचा. महाराष्ट्र आणि गोवा यांचा हा संयुक्त प्रकल्प, धरण दोडामार्ग तालुक्यात. कालवे गोव्यात जातात, तसेच बांद्याच्या अंगालाही येतात. त्यांच्या कडेचा देखभालीचा रस्ता म्हणजे आपली वाट. मुरमाचा, जीप जाईल एवढा रुंद, तांबडा. चढ जवळजवळ नाहीच. पाणी आपोआप वाहायला हवं म्हणून कालव्याला किलोमीटरमागे जेमतेम फूटभर उतार ठेवतात. पायांना तो कळतही नाही. याची किंमत अशी की कालवा डोंगराच्या प्रत्येक सोंडेला वळसा घालतो. समोर दिसणारं गाव डांबरी रस्त्याने चार किलोमीटर असेल, तर कालव्याने सात-आठ सहज होतात. नकाशावरचं सरळ अंतर बघून वेळ ठरवू नका.

जिथे कालवा भरावावर आहे तिथे मजा. दोन्ही बाजूंना खाली काजूच्या बागा, केळी, मध्येच रबराची लागवड, आणि आपण माडाच्या शेंड्याच्या उंचीवरून चाललोय. जिथे खोदून नेलाय तिथे दोन्हीकडे जांभ्याच्या भिंती आणि डोक्यावर ऊन. वारा नाही, दिसायला काही नाही. असे पट्टे कंटाळवाणे असतात, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ओढ्यावरून कालवा जलसेतूने जातो तिथे रस्ता बहुधा तुटतो. खाली उतरा, व्हाळ ओलांडा, पुन्हा चढा.

आणि फुटण्याचं. तिलारीचे कालवे फुटल्याच्या बातम्या आम्हाला नव्या नाहीत. मागच्या खेपेला दोडामार्गच्या अलीकडे एक आजोबा काजूच्या बागेतून ओरडले, "खंय चाललंस रे? फुडे पाट फुटलो हा!" मी हात करून पुढे गेलो. शंभर पावलांवर रस्ताच नाही. परत आलो तेव्हा ते तिथेच बसलेले. काही बोलले नाहीत, नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला. तेव्हा माणूस भेटला की विचारा, आणि त्याने सांगितलं की ऐका.

अस्तर केलेल्या कालव्यात पाणी असताना काठाने दोघांनी शेजारी शेजारी चालवू नये. काँक्रीटच्या उतारावर शेवाळ धरलेलं असतं. माणूस आत घसरला तर धरायला काही नसतं. सायकल तर विसराच.

धरणाजवळच्या वरच्या पट्ट्यात मी भाच्याला पाठवणार नाही. 2002 पासून कर्नाटकातून हत्ती उतरू लागले ते तिथे रुळले आहेत. केळी आणि माड हे त्यांचं आवडतं खाणं, आणि नेमकी तीच बागायत कालव्यालगत. तिलारीचं जंगल 2020 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं. वाघाचाही वावर आहे. खालच्या पट्ट्यात फिरा, ऊन वर आल्यावर निघा, सूर्य कलायच्या आत डांबरावर या. आदल्या रात्री हत्ती कुठे होते ते चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं.

आता नदी, म्हणजे आमची कर्ली. कुडाळहून नेरूर, वालावल, चेंदवण करत खाली उतरायचं. ही सलग वाट नव्हे. थोडं डांबर, थोडी पाणंद, मग कुणाच्या तरी माडाच्या बागेतून गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, खेटून जाणारी पायवाट, मग खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, बांध, पुन्हा डांबर. ग्रॅव्हल बाईक कशासाठी बनली असं कुणी विचारलं तर मी हा तुकडा दाखवेन. सगळं मिळून अंतर फार नाही; पण कालव्यावर जे तासाभरात होतं त्याला इथे अडीच तास लागतात. त्यातला अर्धा वेळ उभं राहण्यात जातो. वालावलला तळ्याकाठचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आलं की मग कुणी उठतच नाही.

बागेतून जाताना हाक मारायची. "जाऊ काय हयसून?" एवढं पुरतं. नाही म्हटलेलं मला आठवत नाही, पण न विचारता गेल्यावर कुत्रे सोडलेले आठवतात. काट्यांचंही बघा: कुंपणाला करवंदीची शिरडं लावतात, ती वाऱ्याने वाटेवर येतात. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) असेल तर निभावतं. साधी ट्यूब असेल तर दोन जास्तीच्या घ्या. भाच्याच्या मापाची ट्यूब कुडाळात मिळेल या भरवशावर येऊ नका.

नेरूरपारच्या पुलावरून पलीकडे गेलात तर काळसे, धामापूर. धामापूरचा तलाव 1530 सालचा. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. कालवा की नदी या वादात हा तिसराच पक्ष, आणि माझ्या मते पाणी कसं अडवावं याचा सगळ्यात देखणा नमुना. त्या बाजूने देवबागपर्यंत जाता येतं. एका हाताला कर्ली, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये अरुंद पट्टी. पण शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांच्या गाड्या इतक्या असतात की सायकलवाल्याने सकाळी नऊच्या आत परतलेलं बरं.

कर्लीवर खरा हिशेब पाण्याचा. वालावलपाशी नदी म्हणजे खाडीच. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जी वाट कोरडी असते ती भरतीला घोटाभर पाण्यात. जुने लोक तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. हा हिशेब मुंबईकडच्या किनाऱ्याला चपखल बसतो, आमच्याकडे भरती थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा बांधावर जाऊच नये.

उधाणाचं खरं रूप पाहायचं तर उत्तरेला, अलिबागच्या खारेपाटात. मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटर, तिकडे उधाणाला साडेचारच्या आसपास. धेरंड, शहापूरकडच्या खारबंदिस्तीचे बांध मातीचे, माथा अरुंद; एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि जिताडा माशाची तळी. मुंबईकरांना सगळ्यात सोपं हेच: भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकल चढवली की मांडवा. डिसेंबरनंतर चिकणमाती वाळून भेगाळते, तेव्हा चालवण्याजोगं होतं. पण ओल्या बांधावर चाक घालू नका. टायरने पाडलेल्या चरीतून पाणी वाट काढतं, आणि बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात. ती जमीन पुढची काही वर्षं पिकत नाही. आपली सकाळची हौस दुसऱ्याला एवढी महाग पडू नये.

कोलाडचं थोडक्यात. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कुंडलिकेतून डोळवहाळच्या बंधाऱ्यावर येतं आणि तिथून कालवे फुटतात, एक माणगावच्या बाजूला, दुसरा रोह्याच्या. सपाट, मुंबई-पुण्याहून जवळ, लहान मुलांना घेऊन जायला बरं. सकाळी त्याच पाण्यावर राफ्टिंगवाल्यांची गर्दी असते. यापलीकडे त्याबद्दल माझं फारसं मत नाही.

मग कोणी कुठे जावं? सायकल नवी असेल, पाय अजून बसले नसतील, किंवा न थांबता चाळीस किलोमीटर मारायचे असतील तर तिलारी, आणि तीही जानेवारीत. पावसानंतर वाढलेलं रान तोवर कापलेलं असतं. नोव्हेंबरात गेलात तर गवतात दगड दिसत नाहीत. एकटे असाल तरीही कालवाच, वाट चुकायची सोय नाही. फक्त हत्तींची चौकशी करून. सोबतीला गप्पिष्ट माणूस असेल आणि घड्याळ घरी ठेवता येत असेल तर कर्ली. ऑक्टोबरात मात्र नको. तेव्हा भातकापणी चालू असते, बांधावर पेंढ्या पडलेल्या असतात, आणि कामाच्या माणसांच्या मधून घंटी वाजवत जाणं बरं दिसत नाही.

हवेचं एक सांगून ठेवतो. सत्तर किलोच्या माणसाला 40 मिमीच्या टायरात 35 पीएसआय पुरे. डांबराच्या सवयीने 60 भरून आलात तर मुरमावर हाडं खिळखिळी होतील.

भाचा येतोय त्या शनिवारी पंचमी आहे. पाऊणपट म्हणजे पावणेचार. आमच्याकडे तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊला पुरती सुकती. त्याला कळवलंय: रात्रीच्या गाडीने नीघ, चाकं काढून पिशवीत घाल, कुडाळला उतर. आठला वालावल. तिलारीचं रविवारी बघू, टपरीवर विचारून.